विश्लेषण : आजारी मुलाच्या अंगाची खाज ‘किरकोळ’ कशी?

मूत्रपिंड, यकृत, थायरॉइड किंवा कर्करोगासारख्या दीर्घ आजाराशी झुंजणाऱ्या मुलांच्या घरात औषधांचे वेळापत्रक असते, तपासण्यांची फाइल असते, रुग्णालयाच्या तारखा असतात. त्या फाइलमध्ये बहुतेक वेळा नसते ती एकच नोंद : मूल रात्रभर अंग खाजवते. कोरड्या त्वचेची ही तक्रार का उद्भवते, घरी काय करता येते, कोणते उपाय घातक ठरतात आणि सरकारी यंत्रणेत तिला जागा का मिळायला हवी, याचा हा वेध.

भिवंडी तालुक्यातले अंजूर म्हटले की इतिहासाच्या वाचकांना वसईच्या मोहिमेतले गंगाजी नाईक आठवतात. आजच्या अंजूरच्या आजूबाजूला गोदामे आहेत, कंटेनरची वर्दळ आहे आणि थोड्या अंतरावर यंत्रमागांची खडखड आहे. अशा गावातले एक घर डोळ्यांसमोर आणा. सात-आठ वर्षांच्या मुलाला मूत्रपिंडाचा जुना आजार आहे. महिन्यातून एकदा आई त्याला घेऊन कशेळी-बाळकुममार्गे ठाणे गाठते आणि तिथून लोकलने परळला जाते. बाह्यरुग्ण विभागात डॉक्टरांसमोर पाच-सात मिनिटे मिळतात. त्यात रक्तदाब, लघवीचा अहवाल, औषधांचा डोस एवढे होते. उठता उठता आई म्हणते, ‘‘डॉक्टर, अंग फार खाजवतो हो.’’ उत्तर येते, ‘‘तेल लावा.’’ पुढच्या रुग्णाचे नाव पुकारले जाते.

हे घर काल्पनिक आहे, पण अनोळखी नाही. चूक एकट्या डॉक्टरचीही नाही. समोर शंभर रुग्णांची रांग असेल तर जिवाचे आधी आणि खाजेचे नंतर, हा क्रम समजण्यासारखा आहे. मात्र ‘नंतर’ची पाळी कधी येतच नाही, हा खरा प्रश्न आहे.

खाज ‘किरकोळ’ का मानू नये?

खाजेने जीव जात नाही, पण झोप जाते. झोप गेली की मूल चिडचिडे होते, शाळेत पेंगते, जेवायला नको म्हणते. आधीच आजाराने वाढ खुंटलेल्या मुलाला हे परवडणारे नसते. घरात एकाची झोप मोडली की सगळ्यांची मोडते. यंत्रमागावर बारा तासांची पाळी करून आलेल्या बापाचीही आणि पहाटे पाण्यासाठी उठणाऱ्या आईचीही.

दुसरा धोका जंतुसंसर्गाचा. नखांनी त्वचा फाटते आणि जंतूंना दार उघडते. निरोगी मुलात असे ओरखडे चार दिवसांत भरतात. पण जे मूल स्टेरॉइडच्या गोळ्या, प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे किंवा केमोथेरपी घेत आहे, त्याच्यासाठी तोच ओरखडा रुग्णालयात भरती होण्याचे कारण ठरू शकतो. म्हणजे जी तक्रार वेळ नाही म्हणून बाजूला सारली, तीच पुढे यंत्रणेचा अधिक वेळ आणि घराचा अधिक पैसा खाते.

त्वचा कोरडी पडते म्हणजे नेमके काय होते?

त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. मृत पेशी या विटा आणि त्यांच्यामधली स्निग्ध द्रव्ये हा चुना. हा चुना शाबूत असेल तोवर आतले पाणी बाहेर उडत नाही आणि बाहेरची धूळ, साबण, जंतू आत शिरत नाहीत. चुना निघाला की भिंत गळू लागते. पाणी उडून गेल्याने त्वचा खरखरीत होते, बाहेरचे कण आत शिरून दाह होतो, दाहामुळे खाज सुटते आणि खाजवल्याने भिंत आणखी ढासळते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपोआप थांबत नाही.

दीर्घ आजार या भिंतीवर वेगवेगळ्या बाजूंनी घाव घालतो. मूत्रपिंडाच्या आजारात घाम आणि तेल तयार करणाऱ्या ग्रंथींचे काम मंदावते. थायरॉइड कमी असेल तर त्वचा जाड, थंड आणि कोरडी होते. केमोथेरपीची औषधे झपाट्याने वाढणाऱ्या पेशींवर काम करतात, त्यात त्वचेच्या पेशीही सापडतात. डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांची त्वचा मुळातच कोरडी असण्याचे प्रमाण अधिक असते. कुपोषण, जस्ताची कमतरता, मधुमेह ही आणखी काही कारणे. एक्झिमा हा तर स्वतःच वर्षानुवर्षे चालणारा आजार आहे आणि तो बऱ्याचदा दम्याचा सोबती असतो.

प्रत्येक खाज कोरडेपणाचीच असते का?

नाही, आणि इथेच ‘तेल लावा’ हा सल्ला अपुरा पडतो. यकृताच्या काही आजारांत पित्ताचा मार्ग अडतो. मग पित्तातली द्रव्ये रक्तात साठून जी खाज सुटते ती आतून येते. अंगावर पुरळ दिसत नाही, तरी मूल तळहात-तळपाय रक्त येईतो खाजवते. त्यावर वरून कितीही मलम लावले तरी थोडाच आराम पडतो, पोटात घ्यायची वेगळी औषधे लागतात. जगात या प्रकारच्या खाजेवरचे संशोधन पुढे गेले आहे. ओडेव्हिक्सिबॅट आणि मॅरॅलिक्सिबॅट या दोन औषधांना २०२१मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आणि दोन्ही मान्यता यकृताच्या दुर्मीळ आजारांतील खाजेसाठीच होत्या. ती अतिशय महागडी आहेत, हे खरे. पण केवळ खाज कमी करण्यासाठी औषध शोधावे, असे विज्ञानाला वाटले, यातच या तक्रारीचे वजन कळते.

मूत्रपिंड निकामी होत चाललेल्या मुलांमध्ये कोरडेपणाबरोबरच रक्तातले वाढलेले फॉस्फरस, अपुरे डायलिसिस यांचाही हात असू शकतो. थायरॉइडच्या मुलात त्वचा पुन्हा कोरडी पडू लागली तर गोळीचा डोस कमी पडतोय का, हे तपासावे लागते. थोडक्यात, आजारी मुलाची नव्याने सुरू झालेली किंवा वाढलेली खाज ही मूळ आजाराची बातमीही असू शकते. ती डॉक्टरांपर्यंत पोहोचलीच पाहिजे.

हवा, पाणी आणि कामधंद्याचा काय संबंध?

अंजूरचा परिसर खाडीलगतचा. वर्षातले बरेच महिने हवा दमट असते, घामाने खाज वाढते. डिसेंबर ते फेब्रुवारीत उत्तरेकडून कोरडे वारे सुटले की त्वचेतले पाणी झपाट्याने उडते. गोदामांच्या रस्त्यांवरची धूळ, मागांवरून कपड्यांना चिकटून घरी येणारे सुताचे तंतू, बोअरवेलचे जड पाणी या गोष्टी गळक्या भिंतीच्या त्वचेला अधिक टोचतात. जड पाण्यात साबणाला फेस येत नाही, म्हणून साबण जास्त वापरला जातो आणि तो नीट धुतलाही जात नाही. कपड्यांत राहिलेली धुण्याची पावडर हेही खाजेचे नेहमीचे पण दुर्लक्षित कारण आहे.

ही हवा कोणा एका आईला बदलता येणार नाही. पण कामावरून आल्यावर कपडे बदलून मगच मुलाला जवळ घेणे, मुलाचे कपडे एकदा जास्त पाण्यातून काढणे, अंगाला लागून सुती सदरा घालणे आणि लोकरीचा स्वेटर त्यावर चढवणे, हे जमण्यासारखे आहे.

घरी रोज काय करावे?

पहिली गोष्ट आंघोळ. ती बंद करू नये, पण पाणी कोमट हवे आणि पाच-दहा मिनिटांत आटोपायला हवी. कढत पाण्याने खाज क्षणभर थांबल्यासारखी वाटते, नंतर दुपटीने उसळते. साबण सौम्य, बिनवासाचा आणि फक्त काखा, जांघा, पाय अशा गरजेच्या जागी. बादलीत जंतुनाशक द्रव टाकण्याची सवय अनेक घरांत आहे. कोरड्या त्वचेला तो जाळतो, डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज वापरू नये. डाळीचे पीठ, उटणे, काथ्या, दगड यांनी घासणे नको. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात आजीने आधी लावलेले तेल नातवाच्या फायद्याचे आहे, पण त्यानंतरचे उटणे आणि कढत पाणी त्या तेलाचा फायदा धुऊन टाकतात. सण मोडायचा नाही, फक्त या मुलासाठी उटण्याचे बोट लावून ते घासायचे तेवढे टाळायचे.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. अंग टॉवेलने न घासता टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, म्हणजे तीनेक मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे. आपण पाणी आत कोंडतो आहोत, हे लक्षात ठेवले की वेळेचे महत्त्व कळते. दिवसातून किमान दोनदा, थंडीत त्याहून जास्त वेळा. केसांच्या दिशेने, वरून खाली हलक्या हाताने. उलटे चोळल्याने केसांच्या मुळाशी पुटकुळ्या येतात.

कोणते लावावे? वास, रंग आणि ‘गोरेपणा’ नसलेले कोणतेही साधे, जाडसर. पांढरे पेट्रोलियम जेली हा स्वस्त आणि भरवशाचा पर्याय आहे, उन्हाळ्यात चिकट वाटले तर क्रीम. खोबरेल तेलाच्या बाजूनेही पुरावा आहे : फिलिपिन्समध्ये एक्झिमा असलेल्या मुलांवर झालेल्या आणि २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शुद्ध खोबरेल तेल खनिज तेलापेक्षा सरस ठरले होते. कोकणपट्टीतल्या आज्यांना हे ऐकून आश्चर्य वाटणार नाही. मोहरीचे तेल मात्र कोरड्या, फाटलेल्या त्वचेवर नको. भिवंडीत उत्तर भारतातून आलेल्या अनेक घरांत बाळाला त्याने मालिश करण्याची रीत आहे, पण ते झोंबते आणि त्वचेची भिंत दुबळी करते. युरिया असलेली क्रीम उपयुक्त असतात, पण लहान मुलांत आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांत ती डॉक्टरांना विचारूनच लावावीत.

नखे आठवड्यातून एकदा कापावीत. खाज सुटली की ‘खाजवू नको’ म्हणून ओरडण्याऐवजी त्या जागी गार ओले फडके ठेवावे किंवा पुन्हा मलम लावावे. मुलाच्या हाताला काम द्यावे. मलमाचा डबा हात घालून काढू नये, स्वच्छ चमचा वापरावा. आणि एक सावधगिरी : मलम मुरलेले कपडे, चादरी पटकन पेट घेतात. ब्रिटनच्या औषध नियंत्रकांनी यावर जाहीर इशारे दिले आहेत. चूल, गॅस, मेणबत्ती, दिवाळीतले फटाके यांच्यापासून अशा मुलाला लांब ठेवावे.

किती लावायचे?

इथे बहुतेक घरांचे गणित चुकते, कारण ते कोणी सांगितलेलेच नसते. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार एक्झिमा असलेल्या मुलाला आठवड्याला २५० ते ५०० ग्रॅम मॉइश्चरायझर लागू शकते. खालचा आकडा घेतला तरी दिवसाला सुमारे ३६ ग्रॅम होतात. म्हणजे दुकानात मिळणारी ५० ग्रॅमची ट्यूब दीड दिवसही पुरत नाही. महिन्याला एक किलोहून अधिक, वर्षाला १३ किलो.

प्रत्येक मुलाला इतके लागेलच असे नाही. अंगभर कोरडेपणा नसेल तर कमी पुरते. पण ‘एक ट्यूब महिनाभर पुरवायची’ या हिशेबाने लावलेले मलम म्हणजे गळक्या छपरावर एकच कौल बसवण्यासारखे आहे. मग ‘आम्ही क्रीम लावून पाहिले, फरक पडला नाही’ असा निष्कर्ष निघतो आणि घर दुसऱ्या, अधिक धोक्याच्या वाटेला लागते.

धोक्याची वाट कोणती?

ती मेडिकलच्या काउंटरवरून जाते. ‘खाजेवर काहीतरी द्या’ म्हटले की हातात येणाऱ्या ट्यूबमध्ये अनेकदा तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जीवाणूनाशक यांचे मिश्रण असते. दोन दिवसांत खाज बसते, म्हणून ती ट्यूब घरात कायमची राहते. पुढे त्वचा पातळ होते, रेघा उमटतात, बुरशी असेल तर ती दबून पसरते. मुलांच्या अंगाचा पृष्ठभाग वजनाच्या मानाने मोठा असतो, त्यामुळे औषध रक्तातही अधिक शोषले जाते. जे मूल मूत्रपिंडाच्या आजारासाठी आधीच स्टेरॉइडच्या गोळ्या घेत आहे, त्याच्या बाबतीत ही भर डॉक्टरांना न कळताच पडत राहते.

केंद्र सरकारने मार्च २०१८मध्ये त्वचेवर लावण्याची १४ स्टेरॉइड औषधे चिठ्ठीविना विकण्याची सूट काढून घेतली. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. नियम कागदावर स्पष्ट आहे. काउंटरवर तो किती पाळला जातो, हे कुठल्याही नाक्यावर उभे राहून पाहता येईल.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. स्टेरॉइड हे विष नव्हे. दाह उसळलेला असताना योग्य ताकदीचे स्टेरॉइड मलम योग्य दिवस लावणे हाच उपचार असतो. प्रौढाच्या तर्जनीच्या शेवटच्या पेरावर ट्यूबमधून एक रेघ काढली की ते साधारण अर्धा ग्रॅम होते आणि बोटांसह दोन तळहातांएवढ्या त्वचेला पुरते. हे माप डॉक्टरांनी एकदा दाखवून दिले तर अतिवापरही टळतो आणि भीतीही. ऐकीव भीतीने औषध अर्धवट सोडणाऱ्या आया आणि विचारल्याविना महिनोन्महिने लावणाऱ्या आया, दोघींनाही नेमकी माहिती मिळालेली नसते.

‘पाणी जास्त पाज’ हा सल्ला चुकीचा का?

कोरड्या त्वचेवर शेजारपाजारचा पहिला सल्ला हाच असतो. निरोगी मुलात त्याने नुकसान नाही, फायदाही फारसा नाही. त्वचेतले पाणी टिकते ते बाहेरच्या थरामुळे, पिण्यामुळे नव्हे. पण मूत्रपिंड किंवा हृदयाच्या आजारात ज्या मुलाला दिवसाचे पाणी मोजून द्यायचे आहे, त्याला मायेने पाजलेले चार जादा पेले सूज आणि धाप घेऊन येतात. ‘तूप-दूध भरपूर द्या’ याचेही तसेच. दुधात फॉस्फरस असते आणि मूत्रपिंडाच्या आजारात ते आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने मोजूनच द्यावे लागते.

रक्तशुद्धीचे काढे, अज्ञात भस्मे, कडू रस यांचा भार यकृत आणि मूत्रपिंड यांच्यावरच पडतो आणि नेमके तेच आजारी असतात. काविळीची माळ घालून वाट पाहणेही तितकेच महागात पडते. नवजात बाळाची कावीळ दोन आठवड्यांनंतरही टिकली आणि शी पांढुरकी होत असेल तर पित्तमार्ग बंद असण्याची शक्यता तातडीने तपासावी लागते. त्यावरची शस्त्रक्रिया साधारण पहिल्या दोन महिन्यांत झाली तर यशाची शक्यता जास्त असते.

खरूज आहे की कोरडेपणा?

हा फरक घराला आणि शाळेला दोघांनाही कळायला हवा. खाज रात्री वाढत असेल, बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेला, जांघेत पुटकुळ्या असतील आणि घरात आणखी कुणी खाजवत असेल तर खरजेचा संशय घ्यावा. खरूज सूक्ष्म किड्यामुळे होते आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०१७मध्ये तिला दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांच्या यादीत घेतले. उपचार सोपा आहे, अट एकच : डॉक्टरांनी दिलेले औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी करायचे, खाज असो वा नसो, आणि कपडे-चादरी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवायच्या.

उलट कोरडी त्वचा आणि एक्झिमा कुणाला लागत नाहीत. तरीही अशा मुलाशेजारी बाकावर बसायला इतर मुले तयार होत नाहीत, कधी मोठी माणसेच ‘तिकडे बसू नकोस’ म्हणतात. आजाराने शाळा आधीच बुडत असते, त्यात हे. डॉक्टरांच्या दोन ओळींच्या चिठ्ठीने आणि बाईंच्या एका वाक्याने हा प्रश्न सुटू शकतो.

तातडीने डॉक्टरांकडे कधी न्यावे?

त्वचेतून पू, पिवळी खपली, वाढती लाली किंवा दुखणे. ताप. एक्झिमावर अचानक एकसारख्या गोल, खोलगट, दुखऱ्या जखमा उठणे, कारण हा नागिणीच्या कुळातल्या विषाणूचा संसर्ग असू शकतो. पुरळ नसताना अंगभर खाज आणि सोबत डोळे पिवळे किंवा लघवी गडद. नव्या औषधानंतर उठलेले पुरळ, तोंडात फोड. अंगावर बारीक लाल-जांभळे ठिपके. केमोथेरपी घेणाऱ्या मुलाला १००.४ फॅरनहाइट ताप आला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. खाजेसाठी झोप आणणारे सिरप स्वतःहून देऊ नये. यकृत-मूत्रपिंडाच्या खाजेवर त्याचा उपयोग मर्यादित असतो आणि आकडीचा त्रास असलेल्या मुलात ते धोक्याचे ठरू शकते.

सरकारी यंत्रणेत या तक्रारीला जागा आहे का?

कागदावर आहे आणि तिचा ठाणे जिल्ह्याशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची देशभराची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरमधून झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यातच होते. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी, अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळेत एकदा, अशी त्याची रचना आहे. तपासायच्या ३० आरोग्यस्थितींमध्ये त्वचेचे विकार, म्हणजे खरूज, बुरशी आणि एक्झिमा, स्पष्ट नोंदवलेले आहेत. म्हणजे पथकाने विचारायचे ठरवले तर विचारण्याची चौकट तयार आहे.

राज्य सरकारने १५ ऑगस्ट २०२३पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून मोठ्या उपचारांचा भार हलका होतो. पण ही योजना ठरावीक शस्त्रक्रिया आणि उपचारांच्या यादीवर चालते, वर्षभर लागणाऱ्या मलमाच्या डब्याला त्यात जागा नाही. आणि मोफत औषध म्हणजे केंद्राच्या कपाटात असेल तेवढेच. परिणामी डायलिसिस फुकट मिळते, पण त्यामुळे होणाऱ्या खाजेचा खर्च घरावर पडतो.

करांचे गणित उलटे का?

२२ सप्टेंबर २०२५पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. अंगाचा साबण, केसांचे तेल, शाम्पू, टाल्कम पावडर यांच्यावरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. औषधेही ५ टक्क्यांच्या टप्प्यात आली. त्वचेला लावायची लोशन आणि क्रीम मात्र सौंदर्यप्रसाधन म्हणून १८ टक्क्यांतच राहिली. कोरड्या त्वचेच्या मुलाच्या घरातून पाहिले तर चित्र असे दिसते : जी पावडर त्वचा आणखी सुकवते तिच्यावर ५ टक्के आणि जे मॉइश्चरायझर उपचार आहे त्याच्यावर १८ टक्के.

यावर आक्षेप येईल की सवलत दिली तर गोरेपणाची क्रीमही त्या दाराने आत शिरतील. आक्षेप योग्य आहे, पण उत्तर अवघड नाही. सुगंध, रंग आणि सौंदर्याचा दावा नसलेली साधी मलमे वेगळी काढता येतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ५ आणि १० टक्के युरियाचे मलम आहे. त्वचेचा कोरडेपणा हा औषधाचा विषय आहे, हे जगाने मान्य केलेले आहे.

मग काय करायला हवे?

मागण्या मोठ्या नाहीत. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात साध्या पेट्रोलियम जेलीचे मोठे डबे असावेत आणि दीर्घ आजाराच्या मुलांना ते महिन्याच्या मापाने मिळावेत. मोठ्या रुग्णालयाने घरी पाठवताना दिलेल्या कागदावर त्वचेसाठी एक ओळ असावी : काय लावायचे, किती, दिवसातून किती वेळा. बाल स्वास्थ्य पथकाने आणि आशाताईंनी ‘औषधे चालू आहेत ना?’ याच्या जोडीला ‘रात्री झोप लागते ना?’ हा प्रश्न विचारावा. अन्न व औषध प्रशासनाने काउंटरवरच्या स्टेरॉइड मिश्रणांकडे अधूनमधून नव्हे, नियमित पाहावे.

‘जिथे रक्तदाबाच्या गोळ्या संपतात तिथे मॉइश्चरायझरची चैन कशाला?’ असा प्रश्न कुणी विचारेल. दोन्ही टंचाया खऱ्या आहेत. पण एक टंचाई दुसरीचे समर्थन होऊ शकत नाही. शिवाय आरोग्यव्यवस्थेच्या खर्चात इतका स्वस्त, इतका बिनधोक आणि इतक्या लवकर फरक दाखवणारा उपचार फार थोडा असेल.

घरच्यांनीही एक गोष्ट बदलावी. खाजेचा विषय डॉक्टरांच्या दारातून उठता उठता काढू नये. आठवडाभर एका वहीत लिहून ठेवावे : कुठे खाजते, कधी वाढते, रात्री किती वेळा उठला, काय लावले, किती लावले. फोनमध्ये फोटो काढून ठेवावेत. बसल्या बसल्या पहिले वाक्य तेच बोलावे. मेडिकलमधून आणलेली प्रत्येक ट्यूब पिशवीतून सोबत न्यावी, लपवू नये.

मूळ आजार बरा करणे नेहमी कुणाच्या हातात नसते. काही मुलांना तो आयुष्यभर सोबत घेऊन चालायचे आहे. पण त्या मुलाची आजची रात्र शांत जावी, हे बऱ्याच अंशी हातात आहे. त्याला लागते कोमट पाणी, मोठा डबा आणि तीन मिनिटांची घाई. आणि डॉक्टर, दुकानदार, बाई, सरकार अशा प्रत्येकाने ‘खाजच तर आहे’ हे वाक्य बोलायचे थांबवणे.